त्या सालची लव

धाकट्याला अजूनही धाकटा म्हणायचे, आता बोला! डोक्यावरचे निम्मे केस गेलेले, उरलेले पिकलेले, उठता-बसता गुडघे कुरकुरायचे. पण त्याच्यामागून घरात कुणी जन्मलंच नाही, तेव्हा ते पद काही त्याच्याकडून सुटलं नाही. आईचा तो धाकटा, ताईचा धाकटा, आणि बायको चिडली की तीसुद्धा ‘अहो धाकटे’ अशी हाक मारायची. शेळ्या तेवढ्या त्याला मोठा मानायच्या, कारण चारा त्याच्या हातात असायचा.

हिवाळा सरत आला होता. या दिवसांत शेळ्यांची लव सुटते. शेळीच्या अंगावर केस दोन तऱ्हेचे. वरचे लांब, राठ, पाऊसवारा झेलणारे, आणि त्यांच्या खाली थंडीपुरती उगवणारी मऊ लव. उन्हं तापायला लागली की ही लव मुळापासून सैल होते. तेवढ्यात ती फणीने विंचरून घ्यायची, नाहीतर शेळ्या कुंपणाला अंग घासघासून वाऱ्यावर सोडून देतात. गिरणी ती विकत घेते, सूत काढते, शाली विणते. लव जितकी बारीक, तितकी प्रत वरची. सगळा धंदा एवढ्यावर चालतो.

आणि नेमकं तिथेच धाकट्याचं घोडं अडलं होतं. गिरणीच्या खरेदीसाहेबांनी गेल्या खेपेला तोंडावर सांगितलं होतं, “काका, तुमचा माल वर्षानुवर्षं जाडच येतोय. यंदाही तसाच निघाला तर तुमचे बोकड काढून टाका. आम्ही देतो ते लावा. नाहीतर आम्ही कशाला यायचं तुमच्याकडे?”

बोकड काढून टाका! बोलायला काय जातं? ते बोकड म्हणजे बाबांच्या बोकडांचे नातू-पणतू. ते गेले की पुढच्या करडांत अर्धं रक्त परकं, त्यापुढच्यांत त्याहून जास्त, आणि थोड्या वर्षांत बाबांच्या जातीचं गोठ्यात काही उरलं नसतं. बाबांनी जन्मभर दुसरं काही केलं नव्हतं. ही एक जात घडवली आणि धाकट्याच्या हाती सोपवून गेले. ती आपल्या हातून बिघडली, हे धाकट्याच्या मनाला कितीतरी वर्षं टोचत होतं. बायकोलाही त्याने ते कधी सांगितलं नव्हतं, पण तिला ते न सांगता माहीत होतं.

बाबांची लव कशी होती याचा पुरावा घरातच होता. समोरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात एक झाकणाची बरणी होती आणि तिच्यात चिमूटभर लव होती. धाकटा अगदी लहान होता, त्या सालची. बाबांची परीक्षा पापणीवरची असायची. डोळे मिटायचे, दुसऱ्याने पापणीवर लव ठेवायची, आणि कळली की सांगायचं. चटकन कळली तर जाड, उशिरा कळली तर बारीक. त्या साली गिरणीचा तेव्हाचा म्हातारा पारखी आला होता. तो डोळे मिटून बसला. बराच वेळ गेला, शेवटी कंटाळून म्हणाला, “अहो, ठेवा ना!” ती केव्हाचीच ठेवलेली होती. हा किस्सा गिरणीत अजून सांगतात. त्यानेच जाताना थोडी लव बरणीत घालून आईच्या हाती दिली होती.

त्यानंतर तशी लव या गोठ्यात कधी निघाली नाही. बाबांच्या शेवटच्या वर्षांतही नाही आणि धाकट्याच्या हाती कारभार आल्यावर तर नाहीच नाही. त्याने काय कमी खटपट केली? दरसाल तो सगळ्या तरण्या बोकडांची लव पापणीवर ठेवून घ्यायचा, आणि सगळ्यांत बारीक निघेल तोच पैदाशीला ठेवायचा. बायको लव ठेवायला बसायची आणि वैतागायची. “सकाळपासून डोळे मिटून बसलाय. झोप लागली तर मला सांगाल का?” एवढं करून निवडलेल्या बोकडाची करडं मोठी व्हायची, आणि त्यांची लव पुन्हा जाड ती जाडच. धाकटा मग स्वतःच्या पापण्यांना दोष द्यायचा.

ताई बसमधून उतरली ती हातात एक जड पेटी घेऊन. ती शहरात लोकरीच्या प्रयोगशाळेत काम करायची. जन्मभर तिने एकच केलं होतं, केस मोजले होते. लोकांना जेवणात केस सापडला की राग येतो, ताईला सापडला तर ती तो काचेखाली धरायची, असं धाकट्याची बायको म्हणायची, आणि ताई त्यावर सगळ्यांत मोठ्याने हसायची. गेल्या खेपेला ती बरणीतले थोडे केस आणि कळपातल्या एकेका बोकडाची लव घेऊन गेली होती. निकाल फोनवर सांग म्हटलं तर म्हणाली, येऊनच सांगते. तेव्हापासून धाकट्याचा जीव टांगणीला लागला होता.

“आधी विंचरू,” ती आल्या आल्या म्हणाली. “मग बोलू.”

“वाईट आहे का?”

“आधी विंचरू म्हटलं ना?”

मग काय, बसली दोघं. गोठ्याच्या पुढच्या पत्र्याच्या छपरात शेळी उभी करायचा लाकडी ओटा होता. मान अडकवायला फळी, पुढ्यात चाऱ्याची टोपली, म्हणजे बाईसाहेब खात राहतात आणि आपलं काम चालू राहतं. धाकटा वाकड्या दातांच्या फणीने विंचरायचा. मानेपासून खाली, न ओढता, नुसतं सरकवत. फणी भरली की तो करड्या ढगासारखा पुंजका ताईकडे द्यायचा. ती खिडकीजवळच्या टेबलाशी बसून त्यातले राठ केस चिमटीने वेचून बाजूला टाकायची. लहानपणी हेच टेबल होतं, आणि वेचायचं काम तेव्हाही तिचंच होतं. धाकट्याचं काम शेळीला बोलण्यात गुंतवून ठेवायचं. ते तो आजही करत होता.

“काय गं, सुटलीस तू यंदा! केवढी लव! शाल पांघरून फिरतेस होय?”

“बाबा पण असंच बोलायचे,” ताई म्हणाली.

“बाबा गायचे. मला गाता येत नाही, म्हणून मी बोलतो.”

“तेही गाणं नव्हतंच रे. एकच ओळ पुन्हा पुन्हा. पुढची येतच नव्हती त्यांना.”

दोघं हसली. ऊन खिडकीतून टेबलावर उतरलं होतं, लवेचे तंतू त्यात तरंगत होते, आणि ओल्या गवताचा, शेळ्यांचा, लोखंडी फणीचा तो जुना वास सगळीकडे भरला होता. धाकट्याला अगदी भरून आलं. तो म्हणाला, “ताई, त्या सालासारखं साल पुन्हा आलं नाही बघ. बरणीतल्या लवेचं साल. बाबा दिवसभर घरीच असायचे. आठवतं? आपण जेवायला बसलो की समोर बसून गोष्ट सांगायचे. रोज नवी. आपलं जेवण संपेपर्यंत गोष्ट संपायची नाही.”

“आठवतं की. तो लंगडा राजा.”

“आणि त्याचा घोडाही लंगडा! आई तिकडे चुलीशी बसून हसायची. काय मजा होती गं. आता मी पोरांना कधी एक धड गोष्ट सांगितली नाही. ती मोठी होऊन गेलीसुद्धा.”

 ताईने हातातला पुंजका खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि म्हणाली, “चल. दाखवते.”

पेटीत मायक्रोस्कोप होता. तिने तो स्वयंपाकघराच्या टेबलावर मांडला, कारण घरातलं तेवढं एकच टेबल डगमगत नव्हतं. आई कोपऱ्यात खुर्चीवर बसून शेंगा सोलत होती. बायको चहा टाकत होती. धाकट्याने चष्मा काढला, पुन्हा लावला, पुन्हा काढला आणि एक डोळा मिटून वाकला.

“हे बाबांच्या लवेतल्या केसाचं टोक,” ताई म्हणाली. “टोक म्हणजे जे सगळ्यांत आधी उगवलं ते. उन्हाळा संपता संपता लव उगवायला लागते, तेव्हाचं. दिसलं?”

“दिसलं.”

“आता हा तुझ्या बोकडाचा केस.”

“हाही तेवढाच जाड दिसतोय की.”

“तेवढाच आहे. आता बाबांचा केस पुन्हा लावते आणि टोकाकडून मुळाकडे सरकवते. बघत राहा.”

धाकटा बघत राहिला. काचेखालचा केस हळूहळू सरकत होता आणि सरकता सरकता निमुळता होत चालला होता. “बारीक झाला,” तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, “अगं, आणखी बारीक झाला.”

“तो हिवाळा,” ताई म्हणाली. “केस महिनोन् महिने वाढतो ना, तेव्हा शेळीच्या पोटात जसजसं जातं तसतशी त्याची जाडी ठरते. तुझ्या शेळ्यांचा केस या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा आहे. हा तसा नाही. सुरुवातीला ही शेळी पोटभर खात होती. मग तिला खायला मिळेनासं झालं.”

धाकट्याने मान वर केली. “आणि जात?”

“जात तीच. केसांच्या मुळांतून जनुकं तपासता येतात. बाबांच्या लवेतलीही तपासली, तुझ्या बोकडांचीही. लव किती दाट उगवायची, जास्तीत जास्त किती बारीक, किती जाड, हे शेळी आईबापांकडून घेऊन येते, ते रक्तातच असतं. त्या मर्यादेत नेमकी किती, ते चारा ठरवतो. तुझ्याकडे रक्त जसंच्या तसं आहे. काही बिघडलेलं नाही, धाकट्या.”

“मी बिघडवलं नाही?”

“तू त्यांना खायला घातलंस, एवढंच केलंस.”

धाकट्याने खुर्ची ओढली. त्याचा चेहरा असा झाला की बायकोने चहाचं भांडं बाजूला ठेवलं. “मग मी दरसाल सगळ्यांत बारीक लवेचा निवडत होतो, तो?”

“ते बोकड कोणते असायचे? आठव.”

त्याने आठवलं. गेल्या सालचा जुळ्यातला होता, दुसऱ्याने ढकललेला. त्याआधीचा आईला दूध कमी म्हणून किडकिडीत राहिलेला. त्याच्याआधीचा पोट बिघडून महिनाभर पडलेला. एकजात सगळे खायला कमी पडलेले! त्यांची लव बारीक होती ती भुकेने, आणि भूक काही करडांत उतरत नाही. पोटभर खाल्लं की करडं आपल्या जातीवर जायची.

“म्हणजे इतकी वर्षं मी डोळे मिटून घरातला सगळ्यांत रोडका बोकड शोधत होतो?”

“आणि मी मदत करत होते,” बायको म्हणाली. ताईला हसू फुटलं, बायकोला फुटलं, आणि मग धाकटाही हसायला लागला, इतका की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. काही बिघडलं नव्हतं. बाबांनी दिलेलं सगळं गोठ्यात होतं, टोपलीत तोंड घालून खात होतं.

“खोटं आहे ते,” आई म्हणाली.

 आईच्या हातातल्या शेंगा मांडीवर सांडल्या होत्या. “माझ्या घरात कुणी उपाशी नव्हतं,” ती म्हणाली. आवाज चढला होता. “तुमच्या त्या काचेला काय कळतंय? यांनी जीव लावून पाळल्या शेळ्या. उपाशी ठेवल्या म्हणतेस? लाज नाही वाटत बापाबद्दल असं बोलायला?”

“अगं आई, मी बाबांना नावं नाही ठेवत,” ताई तिच्याजवळ जाऊन बसली. “केस सांगतो ते सांगितलं. काय झालं होतं त्या साली?”

 आई शेंगा एकेक करून पुन्हा सुपात टाकत राहिली. मग म्हणाली, “वणवा.”

वणवा दोघा भावंडांनाही आठवत होता. छपरावर चढून बाबांच्या खांद्यावरून पाहिलेला, डोंगरभर लाल. किती छान दिसत होता!

“थंडी लागायच्या तोंडाला कुरणं गेली. गवताची गंजी गेली. शेळ्या विकायला नेल्या तर घेणार कोण, सगळ्यांचंच जळालेलं. झाडांचा पाला तोडून आणायचे हे, तो तरी किती पुरणार? त्यात उशिरा झालेली करडं होती. पहिल्यांदा ठरवलं, अर्धं दूध करडांना, अर्धं तुम्हाला. मग अर्ध्यात काही भागेना.” तिने सूप बाजूला सारलं. “मग सगळंच तुम्हाला. दूध काढताना हे करडांकडे पाठ करून बसायचे. ओरडायची ना ती. सगळी नाही जगली.”

बायको कपबशा विसळत होती, तिने नळ बंद केला.

“पुढे लव निघाली, शेळीमागे मूठभर, पण तशी बारीक कुणी बघितली नव्हती. तो पारखी नाचायचा बाकी होता. त्याच लवेवर पुढचा चारा आला, सगळं आलं. पण यांनी त्या बरणीला कधी हात लावला नाही. कुणी कौतुक केलं की उठून गोठ्यात जायचे.”

धाकट्याला ते आठवत होतं. बाबांना मोठेपणा आवडत नाही, असं तो जन्मभर लोकांना अभिमानाने सांगत आला होता.

“आणि तुम्ही दोघं?” ताईने विचारलं. “तुम्ही काय खात होतात?”

“आता ते कशाला काढायचं?” आई म्हणाली. “गोष्ट सांगायचे ना ते तुम्ही जेवताना? तोंड रिकामं असलं की गोष्ट सांगायला बरं पडतं.”

 धाकटा उठला आणि मागच्या दाराशी जाऊन उभा राहिला. त्याला वाटत होतं, त्या सालात परत जावं आणि ताटातलं अर्धं समोर सरकवावं. पण तेव्हा तो आणखी मागत होता, गोष्टही आणि जेवणही. ते त्याला अगदी स्वच्छ आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरेदीसाहेब आले. तरुण माणूस, पायात नवे बूट, गोठ्यात पाऊल टाकताना खाली बघून टाकणारा. त्याने पोती उघडली, लव ताणून पाहिली, आपल्या छोट्या यंत्राखाली धरली आणि मान हलवली. “जाडच आहे, काका. मी म्हटलं होतं.”

ताईने त्याला सगळं समजावून सांगितलं. जात शाबूत आहे, बारीक लव द्यायची ताकद रक्तात आहे, जाडी चाऱ्याने आली आहे. साहेब लक्ष देऊन ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचा चेहरा खुलला.

“मग सोपं आहे की! बोकड बदलायची गरजच नाही. उन्हाळा संपला की चारा आवळा. निम्म्यावर आणा. पुढच्या खेपेला पहिली प्रत तुमची. तुमच्या वडिलांच्या वेळची लव पुन्हा बाजारात येईल, मी स्वतः त्यांच्या नावाने विकीन!”

घ्या! धाकट्याला जे हवं होतं ते सगळं या माणसाने एका दमात समोर मांडलं होतं. बोकड राहणार, जात राहणार, बाबांचं नाव गिरणीत पुन्हा पहिलं लागणार. ओट्यावरचा बोकड टोपलीत तोंड खुपसून उभा होता. आई उन्हात खुर्ची टाकून बसली होती आणि दुसरीकडेच बघत होती.

“नाही जमायचं,” धाकटा म्हणाला.

“अहो, मरत नाहीत काही. थोडे दिवस कमी खातील.”

“माल दुसऱ्या प्रतीत घाला. तिसऱ्या घाला. बोकड हेच राहतील आणि पोटभर खातील.”

“हट्ट कशाला करताय? तुमच्या वडिलांनीसुद्धा...”

“आमच्याकडे एकदा राहिलेत उपाशी,” धाकटा म्हणाला. “पुन्हा नाही.”

“कोण, शेळ्या?”

“सगळेच.”

साहेबाला काही कळलं नाही. त्याने एकदा ताईकडे, एकदा आईकडे बघितलं. दुसऱ्या प्रतीत माल घेतला, पुढच्या सालचं आत्ता सांगत नाही म्हणाला, आणि पोती गाडीत चढवून निघून गेला.

बायकोने आतून जेवायला हाक मारली. ताई पानं मांडत होती. आई भिंतीला धरून आत आली आणि नेहमीसारखी चुलीकडे वळली. “तुम्ही बसा,” ती म्हणाली. “मी नंतर बसते.”

धाकट्याने तिचा हात धरला आणि तिला पहिल्या पानावर नेऊन बसवलं. ती नको नको म्हणत होती. “आधी तू,” तो म्हणाला, आणि तिचं जेवून होईपर्यंत तिथेच उभा राहून तिला वाढत राहिला.